त्याला का खेळवलं? ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या संघनिवडीचं गणित

२८ सप्टेंबर २०२४ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर एक लाखाहून जास्त लोकांसमोर सिडनी स्वान्सचा संघ ब्रिस्बेन लायन्सकडून १२०-६० असा हरला. साखळीत सिडनी पहिला होता, ब्रिस्बेन पाचवा. तरीही अंतिम सामन्यात, ज्याला तिथे सगळे ग्रँड फायनल म्हणतात, समोरच्याने बरोब्बर दुप्पट गुण केले. त्यानंतर कित्येक दिवस सिडनीच्या चाहत्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता. घोटा दुखावलेल्या लोगन मॅकडोनाल्डला खेळवलंच का? तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याला बाहेर काढून बदली खेळाडू आणावा लागला होता.

हा प्रश्न इतका झोंबला, कारण तो दुसऱ्यांदा विचारला जात होता. दोन वर्षांपूर्वी, २४ सप्टेंबर २०२२ ला, याच मैदानावर हाच संघ जिलाँगकडून १३३-५२ असा, म्हणजे ८१ गुणांनी हरला होता. तेव्हा उपांत्य सामन्यात मांडीच्या आतला स्नायू दुखावलेल्या सॅम रीडला संघात घेतलं होतं. तोही तिसऱ्या क्वार्टरमध्ये बाहेर गेला. प्रशिक्षक दोन्ही वेळा तेच, जॉन लाँगमायर. आणि २०२२ मध्ये ज्या तरुण फॉरवर्डला अंतिम सामन्याच्या संघातून वगळलं होतं, तो होता लोगन मॅकडोनाल्ड.

एवढं वाचल्यावर कुणीही म्हणेल की चूक उघड आहे, निवड समितीने एकाच खड्ड्यात दोनदा पाय घातला. मला स्वतःला २०२४ चा निर्णय चुकीचाच वाटतो. पण तो का चुकीचा होता, याचं उत्तर स्कोअरबोर्डवर सापडत नाही. त्यासाठी या खेळात संघ कसा निवडतात ते आधी समजून घ्यावं लागतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. एका बाजूला एकावेळी १८ खेळाडू. चार क्वार्टर, प्रत्येक २० मिनिटांचा. पण चेंडू थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळे एक क्वार्टर साधारण अर्धा तास चालतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, एक गुण. चेंडू हाताने फेकता येत नाही. एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा किंवा लाथाडायचा. किमान १५ मीटर लाथाडलेला चेंडू थेट झेलला तर त्याला मार्क म्हणतात, आणि झेलणाऱ्याला कुणीही न अडवता पुढची लाथ मारायची मुभा मिळते. ऑफसाइड नाही, त्यामुळे कुणीही कुठेही धावू शकतो. १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम लिहिले गेले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग मोकळं राहावं हा त्यामागचा एक हेतू होता, म्हणूनच हा खेळ आजही क्रिकेटच्या मैदानांवर खेळला जातो.

मेलबर्नचं हे मैदान आपल्याला परकं नाही. १९८५ मध्ये इथेच रवी शास्त्रीने ऑडी जिंकली. डिसेंबर २०२० मध्ये इथेच अजिंक्य रहाणेने ११२ धावा केल्या, आणि त्या कसोटीची संघनिवड आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. आधीच्या ॲडलेड कसोटीत भारत ३६ धावांत गारद झाला होता, विराट कोहली मायदेशी परतला होता. सगळे म्हणत होते, कोहलीच्या जागी फलंदाज घ्या. संघाने रवींद्र जडेजाला घेतलं, म्हणजे फलंदाजी कोसळलेली असताना पाचवा गोलंदाज वाढवला. एकूण चार बदल केले आणि भारत आठ गडी राखून जिंकला. कोहलीसारखा दुसरा कोण, या प्रश्नात तो संघ अडकला नाही. वीस बळी घ्यायचे तर काय लागेल, हा प्रश्न त्याने आधी सोडवला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधली चांगली निवड समितीही असाच विचार करते, फक्त तिला अकराऐवजी तेवीस जागा भरायच्या असतात.

हे तेवीस कसे? २०२३ ते २०२५ या मोसमांत १८ मैदानावर, चार बेंचवर आणि एक बदली खेळाडू अशी रचना होती. बेंचवरचे चौघे सामनाभर आत-बाहेर करत राहतात. पूर्ण सामन्यात अशा ७५ अदलाबदली करता येतात, त्याहून जास्त नाही. बदली खेळाडूचं तसं नव्हतं. तो एकदाच आत यायचा, आणि ज्याच्या जागी आला तो उरलेल्या सामन्यासाठी बाहेरच राहायचा. शनिवारच्या सामन्याचा संघ साधारण गुरुवारी संध्याकाळी जाहीर होतो. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, हे पाहायला चाहते डोळे लावून बसलेले असतात.

आता मॅकडोनाल्ड आणि रीड या दोघांच्या जागेकडे बघू. दोघेही उंच फॉरवर्ड. या जागेवरच्या खेळाडूचं काम गोल मारणं एवढंच आहे असं दुरून वाटतं, आणि हरल्यावरची निम्मी भांडणं याच समजुतीतून होतात. प्रत्यक्षात मिडफील्डकडून चेंडू उंच, घाईघाईने, दबावाखाली येतो. उंच फॉरवर्डने त्या चेंडूवर झेप घ्यायची. मार्क मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तरी बचावपटूला तो सहज झेलू द्यायचा नाही, चेंडू खाली पाडायचा. मग टॉम पॅपलीसारखे बुटके, चपळ फॉरवर्ड तो उचलतात आणि गोल करतात. उंच फॉरवर्ड लंगडत असेल, उडीला जोर लागत नसेल, तर समोरचा उंच बचावपटू त्याला सोडून मोकळा फिरतो आणि येणारा प्रत्येक चेंडू हवेतच टिपतो. ब्रिस्बेनकडे हॅरिस अँड्र्यूज होता, या कामात ऑस्ट्रेलियातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. त्याच्यासमोर अर्ध्या ताकदीचा फॉरवर्ड उभा करणं म्हणजे त्याच्या हातात चेंडू देणं.

हे सगळ्यात चांगलं ओळखलं होतं कॉलिंगवूडने, ब्रिस्बेनविरुद्धच्या २०२३ च्या अंतिम सामन्यात. त्यांनी बिली फ्रॅम्प्टन नावाच्या, एरवी बचावात खेळणाऱ्या खेळाडूला पुढे नेऊन अँड्र्यूजला चिकटवलं. फ्रॅम्प्टनकडून गोलांची अपेक्षाच नव्हती. अँड्र्यूजला मोकळं फिरू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. कॉलिंगवूड ९०-८६ असं जिंकलं. ते चार गुण उलटे पडले असते, तर फ्रॅम्प्टनचे आकडे नाचवत अख्ख्या मेलबर्नने विचारलं असतं की या माणसाला पुढे घेतलंच कशाला.

दुखापतग्रस्त खेळाडू निवडण्याची दुसरी किंमत स्कोअरबोर्डवर कधीच दिसत नाही. बदली खेळाडू खरं तर प्रशिक्षकाच्या हातातलं एक हत्यार होतं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये मिडफील्ड थकतंय असं दिसलं, तर ताज्या पायांचा माणूस आत पाठवता यायचा. पण संघातला एक जण आधीच अर्धा दुखावलेला असला तर प्रशिक्षक तो बदल करायला कचरायचा. हा बदल आत्ता वापरला आणि तासाभराने दुखावलेला खेळाडू बसला, तर काय? म्हणजे तेविसावा खेळाडू दुखापतीसाठी राखीव होऊन बसायचा. शिवाय दुखऱ्या खेळाडूला वारंवार विश्रांती द्यावी लागते, ती ७५ अदलाबदलींमधून जाते, आणि त्याचा भार मधल्या फळीवर पडतो. २०२४ मध्ये सामना निसटला तो दुसऱ्या क्वार्टरमध्येच, मॅकडोनाल्ड बाहेर जाण्याच्या बराच आधी. २०२२ मध्ये तर पहिल्याच क्वार्टरमध्ये जिलाँगने ३५ गुणांची आघाडी घेतली होती. दोन्ही वेळा मार बसला तो मैदानाच्या मध्यात. चेंडू जिंकण्यात सिडनी कमी पडला. धडधाकट फॉरवर्ड असता तरी त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचायला हवा होता ना.

मग निवडीची चूक नव्हतीच का? होती. पण एका माणसामुळे ६० गुणांनी हार होत नाही. ती चूक हारेचं कारण नव्हती, हार रोखण्याचे मार्ग तिने कमी केले. चाहत्यांच्या भांडणात या दोन गोष्टी एक होतात, आणि सगळा राग एका पंचवीस वर्षांच्या आतल्या मुलावर निघतो. ज्याने डॉक्टरांच्या चाचण्या दिल्या, 'खेळू शकतोस' असं ज्याला सांगितलं गेलं, तो मुलगा आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सामन्याला नाही कसा म्हणेल? जबाबदारी निवडणाऱ्यांची. मॅकडोनाल्डवर जे बोललं गेलं त्यातलं बरंचसं मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

त्याच आठवड्यात त्याच समितीने कप्तान कॅलम मिल्सला मात्र बाहेर ठेवलं, मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीमुळे. एका दुखापतीला हो आणि दुसरीला नाही, यात विसंगती वाटेल, पण वैद्यकीयदृष्ट्या ती नाही. मांडीमागचा स्नायू पूर्ण वेगाने धावताना अचानक फाटतो, त्याला पट्टी बांधून भागत नाही. घोट्याला बांधता येतं, वेदना काही काळ दाबता येतात. अडचण पुढे येते. सामन्याआधीच्या तंदुरुस्ती चाचणीत खेळाडू सरळ रेषेत धावतो, वळतो, उड्या मारतो. पण नव्वद किलोचा बचावपटू अंगावर असताना, एका पायावर उतरताना, तिसऱ्या क्वार्टरच्या थकव्यात तो घोटा काय करेल, हे कुठलीही चाचणी दाखवू शकत नाही. चाचणीत पास होणं म्हणजे सामना पुरा करण्याची हमी नव्हे, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं आणि प्रशिक्षकालाही.

आता थोडं मागे, २०१२ मध्ये जाऊ. अंतिम सामना, सिडनी विरुद्ध हॉथॉर्न. प्रशिक्षक लाँगमायरच. बचावपटू टेड रिचर्ड्सचा घोटा आधीच्या सामन्यात दुखावला होता. तो खेळला. सामन्यात ॲडम गुड्सचा गुडघा दुखावला, तोही मैदानावर राहिला आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याने गोल केला. सिडनी ९१-८१ असा जिंकला. त्यानंतर रिचर्ड्सच्या निवडीवर कुणी वाद घातला नाही. ती शौर्यगाथा झाली, आणि आजही सिडनीचे चाहते ती अभिमानाने सांगतात.

एकच प्रशिक्षक, एकाच जातीचा जुगार, तीन वेळा. एकदा गाथा झाली, दोनदा घोडचूक. हरल्यावर होणारी चर्चा इथे घसरते असं मला वाटतं. निर्णयाचा न्याय निकालावरून केला जातो. खरं तर गुरुवारी समितीसमोर जे होतं, त्यावरूनच तो करायला हवा. आणि तसा केला तर एक खरा फरक हाती लागतो. रिचर्ड्स बचावपटू होता. बचावपटू आपल्या माणसाला बांधून राहतो, चेंडू कुठे येणार याचा अंदाज घेत जागा धरतो. अनुभवी असेल तर धावणं वाचवू शकतो. फॉरवर्डला तशी सवलत नाही. त्याला पुन्हा पुन्हा अचानक सुसाट सुटावं लागतं, झेप घ्यावी लागते. म्हणून दुखरा घोटा बचावात एक वेळ झाकता येतो, पुढे झाकता येत नाही. २०२२ चा अनुभव गाठीशी असताना २०२४ मध्ये हे वजनात धरायला हवं होतं. माझा आक्षेप एवढाच आहे, आणि तो सामना जिंकला असता तरी राहिला असता.

बाहेर बसलेल्या खेळाडूबद्दलही बोलायला हवं. हरल्यानंतरच्या रविवारी त्याच्याइतका थोर खेळाडू दुसरा नसतो. त्याने एकही मार्क सोडलेला नसतो, एकही लाथ वाया घालवलेली नसते. राखीव संघातून तो गोलांवर गोल करतोय, त्याला वर आणा, ही मागणी दर हारेनंतर होते. ती दर वेळी पोकळ नसते. २०१९ मध्ये रिचमंडने मार्लियन पिकेटला थेट अंतिम सामन्यात पदार्पण करायला लावलं. असं १९५२ नंतर कधीच घडलं नव्हतं. पिकेट त्याच वर्षी मोसमाच्या मध्यावरच्या ड्राफ्टमधून, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या फेरीतून, आला होता. रिचमंड ८९ गुणांनी जिंकलं. पण त्याला जागा मिळाली ती जॅक ग्रॅहमचा खांदा दुखावल्यामुळे. ग्रॅहमला दुखऱ्या खांद्यानिशी खेळवण्याचा मोह त्यांनी टाळला, ही त्या निवडीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

२०२४ च्या त्याच अंतिम सामन्यात विजेत्या ब्रिस्बेनसमोरही असाच पेच होता. त्यांचा रक, म्हणजे चेंडू मध्यभागी उंच उडवल्यावर त्यावर झेपावणारा सर्वांत उंच खेळाडू, ऑस्कर मॅकइनर्नी. उपांत्य सामन्यात त्याचा खांदा निखळला. मोसमभर त्याच्या सावलीत राहिलेल्या डार्सी फोर्टला ब्रिस्बेनने सरळ संघात घेतलं. फोर्ट मॅकइनर्नीहून सरस होता असं कुणीच म्हणणार नाही. पण तो पूर्ण ताकदीनिशी खेळू शकत होता, आणि संघाची रचना तशीच राहिली. एका मैदानावर, एका दुपारी, दोन समित्यांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिली होती.

आकड्यांची गोष्टही सांगायलाच हवी, कारण आजकाल प्रत्येक वादात आकडे येतात. १९७० च्या अंतिम सामन्यात १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर कार्लटन मध्यंतराला कॉलिंगवूडच्या ४४ गुण मागे होतं. तेव्हा बेंचवर दोनच राखीव असत, आणि बाहेर गेलेला परत येऊ शकत नसे. प्रशिक्षक रॉन बरासी यांनी बर्ट थॉर्नलीच्या जागी टेड हॉपकिन्स नावाचा लहानखुरा खेळाडू आणला. हॉपकिन्सने चार गोल केले, कार्लटन दहा गुणांनी जिंकलं. एका बदलाने सामना फिरल्याचं एवढं ठळक उदाहरण या खेळात क्वचितच सापडेल. पुढे याच हॉपकिन्सने चॅम्पियन डेटा या कंपनीचा पाया घातला, जी आज या खेळाची अधिकृत आकडेवारी गोळा करते.

त्या आकडेवारीत चाहते सगळ्यात आधी बघतात ते 'डिस्पोझल्स', म्हणजे खेळाडूने किती वेळा चेंडू लाथाडला किंवा ठोसला. तीस डिस्पोझल्स म्हणजे भारी, आठ म्हणजे वगळा. मिडफील्डरसाठी हा आकडा काही सांगतो, उंच फॉरवर्डसाठी जवळपास काहीच नाही. त्याने किती वेळा चेंडू बचावपटूच्या हाती जाऊ दिला नाही, किती वेळा धावून समोरच्यावर दबाव आणला, त्याच्या हालचालीमुळे दुसऱ्याला किती मोकळी जागा मिळाली, हे बघावं लागतं. यातलं काही मोजलं जातं, काही चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहूनच कळतं. म्हणूनच समितीत प्रत्येक फळीचा वेगळा प्रशिक्षक बसतो. चाहत्याला चुकीचा वाटणारा खेळाडू त्यांना पुन्हा पुन्हा का हवासा वाटतो, याचं उत्तर बहुतेक वेळा 'लाडका आहे म्हणून' हे नसतं.

लाँगमायर नोव्हेंबर २०२४ मध्ये पायउतार झाले आणि सिडनीची सूत्रं डीन कॉक्स यांच्याकडे गेली. दुखऱ्या खेळाडूचा प्रश्न मात्र पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला, या वेळी ब्रिस्बेनसमोर. त्यांचा सहकप्तान आणि मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं ब्राउनलो पदक दोन वेळा जिंकलेला लॅकी नील पोटरीच्या दुखापतीतून सावरत होता. २७ सप्टेंबर २०२५ चा अंतिम सामना, समोर जिलाँग. हो म्हणावं तर रीड-मॅकडोनाल्डची पुनरावृत्ती होण्याची भीती, नाही म्हणावं तर आपला सर्वांत मोठा खेळाडू प्रेक्षकांत. ब्रिस्बेनने त्याला बदली खेळाडू म्हणून ठेवलं. पोटरीला पूर्ण सामन्याचा ताण नको, आणि पहिल्या अर्ध्यात काही बिघडलं तरी बाकीचे बावीस जण धडधाकट. मध्यंतरानंतर नील उतरला, ब्रिस्बेन १२२-७५ असं जिंकलं. ही निवड मला जिंकल्यामुळे आवडत नाही. नीलची पोटरी उतरल्यावर पाचव्या मिनिटाला गेली असती, तरी संघाने तोवर काहीच गमावलेलं नसतं. जोखीम घेतली, पण तिची हद्द आधी आखून घेतली.

ही वाट आता बंद झाली आहे. २०२६ पासून बदली खेळाडूची जागाच रद्द करून बेंचवर पाच जण ठेवण्याचा नियम आला. म्हणजे दुखऱ्या ताऱ्याला अर्ध्या सामन्यापुरतं जपून ठेवायचं, तर संघाला तोवर बेंचवर समोरच्याहून एक माणूस कमी घेऊन खेळावं लागेल. पुढच्या वेळी गुरुवारच्या यादीत असं नाव दिसलं, तर त्या एका माणसाची भरपाई बेंचवरचे बाकीचे चौघे कशी करणार, हे शनिवारच्या आधी विचारता येईल.